अजून ओलं आहे

इस्त्री कॉलरवर होती आणि टेबलावरच्या फोनने टिंग केलं. हे टिंग वेगळं होतं. मुलाचा निरोप आला की फोन गुरगुरायचा, बँकेचा आला की कोरडा ठोका द्यायचा. हे मात्र काचेच्या पेल्याला चमचा लागावा तसं वाजलं. तिच्या साइटवर कुणी काही लिहिलं की वाजायचं ते. मुलानेच बसवून दिलं होतं, आणि तेव्हा ते दिवसातून इतक्या वेळा वाजायचं की ती वैतागून म्हणायची, अरे, घरात शाळेची घंटा कशाला लावलीस? मग ते कमी कमी होत गेलं आणि एक दिवस थांबलं. कोणत्या दिवशी, ते तिला सांगता आलं नसतं. असल्या गोष्टी थांबतात तेव्हा कुणी कळवत नाही. चालू इस्त्री सोडून जायचं नाही हा वडिलांचा कायदा, म्हणून तिने आधी प्लग काढला, इस्त्री उभी केली, कोरडेच असलेले हात पुन्हा पुसले. छातीत काहीतरी हललं होतं. बरेच दिवस कुणी न आलेल्या घराचं दार वाजावं आणि आपण केस सारखे करत उठावं, तसं. "आलं बाई कुणीतरी," ती त्या शर्टाला म्हणाली.

'तुम्हाला मावशी म्हणू की बाई, कळत नाही,' असं तिथे लिहिलं होतं. 'मी बस चालवते. आई गेली, तिचा निळा रेशमी स्कार्फ माझ्याकडे आला. कपाटातल्या हुकाचा गंज त्याला लागला होता. शोधलं तर सगळ्यात वर, चौकटीत, तुमचं वाक्य आलं. गंजाच्या डागावर लिंबू आणि मीठ चोळा आणि कापड उन्हात ठेवा. तसंच केलं. डाग गेला. त्याच्याबरोबर निळा रंगही गेला. तळहाताएवढा पांढरट चट्टा पडलाय. रागावून लिहीत नाहीये. आता काही होईल का, एवढंच विचारायचं होतं.'

शेवटून दुसरं वाक्य तिने पुन्हा वाचलं. ती बाई रागावली असती तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं. तिने खुर्ची ओढली, फोन जवळ घेतला आणि कधी करत नसे ती गोष्ट केली. परक्या माणसासारखं शोधून पाहिलं. 'गंजाचा डाग.' बोट उचलायच्या आत उत्तर हजर. चौकट, ठळक अक्षरं, त्यात ते वाक्य, आणि खाली फिकट बारीक अक्षरात तिच्या साइटचं नाव, जणू शिवणीच्या आत लपवलेला दुकानाचा टॅग. वाक्य तिचंच होतं. शब्दन् शब्द. पण आपण कुणाशी तरी सावकाश बोलत असावं आणि तिसऱ्याच माणसाने मधलं एक वाक्य उचलून चौकातल्या भिंतीवर रंगवून ठेवावं, तसं ते दिसत होतं. त्याच्या मागचं-पुढचं कुठे गेलं? पांढरं सुती कापड असेल तरच, असं ती म्हणाली होती. रंगीत असेल तर आधी आतल्या शिवणीत थेंबभर लावून बघा, रेशमाला तर हातच लावू नका, हेही म्हणाली होती. ते सगळं त्या पानावर होतं. अजूनही होतं. खूप खाली.

वर गंज म्हणजे काय याची गोष्ट असायची पूर्वी. गंज हा डाग नव्हेच, ते कापडात शिरून बसलेलं लोखंड, म्हणून त्याला साबण कळत नाही. हे तिचे वडील सांगायचे. दुकान त्यांचं, धुलाईचं, रस्त्याच्या कोपऱ्यावर. आत पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरायची, आणि ओल्या सुताचा, गरम लाकडाचा, थोडासा करपलेला असा एक वास नाकात बसायचा. त्या वासात तिचं सगळं शिक्षण झालं. काउंटरखालच्या फळीवर पाय दुमडून ती धडे वाचायची आणि वरून आवाज यायचे. गिऱ्हाईक शर्ट पुढे करायचं, "निघेल ना हो हा?" वडील कधी हो म्हणायचे नाहीत, नाहीही म्हणायचे नाहीत. दोन बोटांत कापड धरून चोळायचे, वास घ्यायचे, मग विचारायचे, कशाचा? कधीचा? आणि घरी काय काय करून बघितलंत, ते खरं सांगा. या तिसऱ्या प्रश्नाला भली भली माणसं लाजायची. एक वकीलसाहेब तर डॉक्टरपुढे बसल्यासारखे म्हणाले होते, "थोडं टूथपेस्ट लावलं." मग वडील आतल्या शिवणीत काय ते थेंबभर लावून बघायचे आणि कापड दोरीवर टांगायचे. वाळल्यावर सांगतो. "अहो, आता तर गेलेला दिसतोय!" गिऱ्हाईक म्हणायचं. वडील मान हलवायचे. "ओलं कापड सगळ्यांना हो म्हणतं. वाळू द्या. मग त्याचं खरं मत कळेल." आणि खरंच, ओल्या कापडात डाग दिसेनासा व्हायचा, आणि वाळता वाळता आतून, कडेकडेने, शहाण्या मुलासारखा गुपचूप परत यायचा.

दुकान गेलं. घरोघर मशीन आल्यावर जायचंच होतं ते. वडील त्याच्या आधी गेले, हे एक बरं. फळीवर बसणारी मुलगी तोवर काउंटरच्या पलीकडे उभी राहून केस पिकवू लागली होती. शेवटच्या दिवशी तिने दोरी सोडवून घरी आणली आणि तऱ्हेतऱ्हेच्या कापडांच्या चिंध्यांचा पत्र्याचा डबा आणला. मुलगा तेव्हा शाळेत होता. त्याला वर्गात साइट करायला शिकवलं होतं आणि विषय सुचत नव्हता. "आई, तुला कशातलं येतं?" "मला? डागातलं." तो इतका हसला की खुर्चीवरून पडायचा राहिला. पण केली. फिकट पिवळी पार्श्वभूमी, कोपऱ्यात उघडझाप करणारा एक शर्ट, आणि एका पानावर एक डाग. शाई, रक्त, मेण, डांबर, लिपस्टिक. 'लिपस्टिक' या पानावर तो लाजला होता, तिला आठवतं. नियम वडिलांचाच. कुणी विचारलं की ती डब्यातून तसल्याच कापडाचा तुकडा काढायची, तसलाच डाग पाडायची, उपाय करायची, खिडकीतल्या दोरीला लावायची आणि सकाळी नेमाने, चूळ भरून, अजून तोंडात अन्नाचा कण नसताना, वाळलेला तुकडा उजेडात धरून मग उत्तर लिहायची. तो तिचा नेमच होता. कुणाचं काही बिघडू नये एवढं मनात म्हणायची आणि पहिलं अक्षर टाइप करायची. नाही जमलं तर तसंही लिहायची. हा निघत नाही. माझ्याकडून तरी निघाला नाही.

आणि माणसं थांबायची! आज याचंच तिला नवल वाटलं. प्रश्न विचारून माणसं दोन-दोन दिवस थांबायची, आणि थांबलेली असताना तिथेच, पानाच्या खाली, एकमेकांशी गप्पा मारायची, दवाखान्याच्या बाकावर मारतात तशा. एक निवृत्त नर्स होती, तिला रक्ताबद्दल सगळं माहीत होतं आणि ती ते जरा जास्तच तपशिलात सांगायची. जहाजावरचा एक स्वयंपाकी होता. तो कुठल्या कुठल्या बंदरातून लिहायचा, 'डागमावशी, आज समुद्र शांत आहे पण रस्सा नाही.' डागमावशी हे नाव त्याचंच. मग सगळ्यांनीच ते उचललं, आणि भाजीवालीसुद्धा एकदा, "तुम्ही त्या डागमावशी का हो?" म्हणून तिला चार मिरच्या जास्त देऊन गेली. जुळ्यांची एक आई होती, तिचे प्रश्न कधी संपले नाहीत. मग जुळी मोठी झाली आणि प्रश्न संपले, आणि ही इकडे आपली हुरहुरत बसली. पानाच्या उजव्या कडेला 'शेजारी' असा रकाना होता. त्यात बटणवाला होता, जगभरच्या बटणांचे फोटो काढणारा. जुनी कुलपं उघडणारा एक कुलूपकाका होता. शिलाई मशीनच्या सुया नि बॉबिन यावर पानंच्या पानं लिहिणारी एक बाई होती, तिचं कुणाशी पटत नसे पण तिचं म्हणणं खरं असे. ते हिच्याकडे माणसं धाडायचे, ही त्यांच्याकडे. शर्टाचा डाग निघाला, पण बटण तुटलं? जा शेजारी, सांगा मावशीने पाठवलंय. एकाकडून दुसऱ्याकडे, गल्लीतून फिरावं तसं माणूस फिरायचं आणि विचारायला आलेलं नसायचं तेही घेऊन जायचं. गल्लीला वर-खाली नव्हतं. कोण पहिला, कोण दहावा, असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

मग सगळे रस्ते शोधायच्या एकाच दारातून जायला लागले. तेही तिला लगेच कळलं नाही. आधी तर त्या दारानेच तिला वर बसवलं होतं, आणि तिने मनातल्या मनात हातही जोडले होते. मग तिच्या वरती 'दहा सोपे उपाय' नावाचं पान आलं. मग 'दहा सोपे उपाय' याचे दहा भाऊ आले. ती वाचायची त्यांना. एकाच माणसाने, आयुष्यात कधी बाही न धुता, सगळे लिहिले असावेत असं वाटायचं. सगळीकडे तेच लिंबू, तोच सोडा, तीच चूक, आणि एकाने दुसऱ्याकडून उतरवताना चूकही जशीच्या तशी, उलट जरा इस्त्री करून. बटणवाला बंद झाला. कुलूपकाकाच्या पानावर एक दिवस भलत्याच कसल्या गोळ्यांची जाहिरात निघाली. मशीनवाल्या बाईने शेवटचं एक वाक्य लिहिलं, 'वाचत कोणी नसेल तर सुई कशाला ओवू,' आणि दार ओढून घेतलं.

मुलगा तोवर याच धंद्यात पडला होता. लोकांच्या साइट वर आणायच्या. दातांचे डॉक्टर, हॉटेलं, घरं विकणारे. तो घरी यायचा आणि पानं शोधून देणाऱ्या त्या यंत्राबद्दल बोलायचा तेव्हा नाव कधी घ्यायचा नाही. 'तो.' त्याला लांबलचक प्रस्तावना आवडत नाही. त्याला जुनी पानं चालत नाहीत. त्याचं हल्ली काय मनात आहे कुणास ठाऊक. ऐकता ऐकता ती एकदा म्हणाली होती, "अरे, तू तर सासऱ्याबद्दल बोलणाऱ्या नव्या सुनेसारखा बोलतोस. जेवला का, रागावला का, आज काय चालेल." तो हसला, पण मग तिच्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसलाही. "आई, मला करू दे. तू खाली गेलीस, बघवत नाही." आणि मग त्याने केलं. प्रत्येक पानाला मथळा, 'कसा काढावा', 'घरच्या घरी', 'झटपट'. शेजारी हा रकाना काढला. मेलेल्या दारांकडे बोट दाखवलं की त्याला वाटतं आपणही मेलो, मुलगा म्हणाला. जुन्या गप्पा एका बटणामागे झाकल्या. आणि उत्तर वर आणलं. "पहिल्या दोन ओळींत उत्तर, आई. बाकी सगळं खाली. माणसाला वेळ नाही." "माणसाला, की त्याला?" "दोघांना." गंजाच्या पानावर त्याने ते वाक्य खालून उचलून माथ्यावर ठेवलं तेव्हा ती शेजारीच बसली होती. तिने वाचलं होतं. होय म्हणून मान हलवली होती. साइटवर येणाऱ्यांच्या आलेखाची हिरवी रेघ चढत होती आणि ती चढलेली तिला आवडत होती, तेव्हा मान हलायला काय लागतं. एका संध्याकाळी तो केक घेऊन आला. "आई, चौकटीत आलीस! सगळ्यांच्या वर! पहिल्याच्याही वर!" दोघांनी केक खाल्ला. त्यानंतर हळूहळू हिरवी रेघ आडवी झाली आणि पायऱ्या उतरू लागली, कारण चौकटीतच उत्तर मिळाल्यावर आत कोण येतं? उंबऱ्यावरूनच विचारायचं, उंबऱ्यावरूनच जायचं. आत डागमावशी पाण्याचा तांब्या भरून बसलेली.

तिने बसवालीला लिहिलं, 'मावशी म्हणा. स्कार्फचा फोटो पाठवा, उजेडात काढलेला. कापडाला आता काही लावू नका. मी करून बघते आणि सांगते.' काय करून बघणार होती ते तिला माहीत नव्हतं. गेलेला रंग परत येत नाही; वडिलांनीही आणला नव्हता कधी.

दुपारी मुलगा आला. तिने फोन त्याच्यापुढे धरला. त्याने वाचलं, खुर्चीत बसला, बूट काढायचे विसरला.

"चौकट त्याने बनवली, आई. मी नाही."

"वाक्य वर कुणी ठेवलं?"

"मी. पण खाली सगळं लिहिलंय की! रेशमाचं, शिवणीचं. तिने पान उघडून वाचायला नको?"

"बस चालवते रे ती. दिवसभर पुढे बघणारं माणूस. आई गेलेली. तिने चौकट वाचली, मला वाटतं तेवढं पुष्कळ झालं." ती थांबली. "ते वाक्य काढ."

"काढलं तर तू जाशील. तुला कळतंय का? तेवढं एकच पान आहे तुझं, ज्याच्यामुळे त्याला तू आठवतेस. ते गेलं की तू कुणाला दिसणार नाहीस."

"न दिसू दे."

"न दिसू दे म्हणे! हट्टाचं गाठोडं आहेस नुसतं." तो उठला, खिडकीपर्यंत गेला, दोरीला हात लावून परत आला. "मी हे सगळं शिकलो कशासाठी, माहितीये? दातांच्या डॉक्टरांसाठी नाही. तू खाली गेलीस म्हणून शिकलो. तू रोज सकाळी ते उघडून बसायचीस आणि काही आलेलं नसायचं, आणि तू पुन्हा एकदा बघायचीस. मी झोपल्याचं सोंग करून बघायचो."

 तिने त्याचा हात हातात घेतला. नखं त्याची तिच्या वडिलांसारखी होती, रुंद, चपटी. लहानपणी तो याच टेबलाखाली पालथा पडून स्वयंपाक्याची पत्रं मोठ्याने वाचून दाखवायचा, बंदरांची नावं चुकवत, आणि ती साबणाच्या हातांनी हसायची. तेव्हा कोण वर होतं, कोण खाली? "बस इथे," ती म्हणाली. "मी सांगते, तू लिही. पहिली ओळ. थांबा. आधी सांगा, कापड कोणतं आहे."

"हे काय उत्तर झालं?"

"नाहीच. प्रश्न आहे."

"त्याला प्रश्न चालत नाही, आई."

"सासऱ्याला म्हणावं, सून ऐकत नाही."

तो हसला नाही, पण त्याने लिहिलं. मग तिने न सांगताच त्याने शेजारी हा रकानाही परत आणला, सगळी बंद दारं नावांसकट, आणि गप्पांवरचं झाकण काढलं. नर्स, स्वयंपाकी, जुळ्यांची आई भरभर वर सरकत गेले. तो वाचत राहिला. अजून त्याचे बूट पायातच होते.

दोन-तीन दिवसांत चौकट गेली. म्हणजे चौकट होतीच, त्यात तिच्या साइटच्या जागी दुसरं कुणी आलं होतं. तिने उघडून पाहिलं. 'दहा सोपे उपाय' त्यात होतं, आणि आत वाक्य तिचंच होतं, लिंबू, मीठ, ऊन, एक शब्दही न बदललेलं. कुणीतरी कधीतरी उतरवून घेतलेलं. हे मात्र तिच्या ध्यानात आलं नव्हतं. आपलं वाक्य आपण परत घेऊ शकू असं ती धरून चालली होती. बराच वेळ ती त्या ठळक अक्षरांकडे बघत बसली आणि तिला वाटलं, आता ते कुणाचंच नाही, आणि म्हणून ते आता कुणाचं ऐकणारही नाही. मग तिने फोन पालथा ठेवला आणि पत्र्याचा डबा काढला.

निळं रेशीम डब्याच्या तळाशी निघालं. कुणाच्या तरी झग्याचं अस्तर, दुकानातलं, अजून त्याला वाफेचा वास होता, किंवा तिला तसं वाटलं. फोटो शेजारी ठेवून तिने रंग जुळवून पाहिला. लोखंडी हूक ओला करून त्याच्यावर ठेवला. गंज धरू दिला. मग लिंबू, मीठ, ऊन, जसं त्या बाईने केलं तसंच, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या वाक्याबरहुकूम. चट्टा पडला. पडताना तिने पाहिला. आधी गंज विरघळला आणि क्षणभर सगळं छान दिसलं. मग कडेने निळा फिका होत गेला, फुंकर मारल्यासारखा. तो तुकडा हातात घेऊन तिला त्या न पाहिलेल्या आईची, कपाटाची, हुकाला अडकवून ठेवलेल्या रिकाम्या स्कार्फची भयंकर आठवण आली, जशी स्वतःच्या माणसाची यावी. मग तिने रंग कालवला. मूळचा निळा नाही, त्याहून गडद, जांभळ्याकडे झुकणारा, संध्याकाळ संपत आल्यावर असतो तसा. आख्खा तुकडा बुडवला, हळू ढवळला, गार पाण्यातून काढला आणि खिडकीतल्या दोरीला लावला.

चट्टा दिसत नव्हता. तिने जवळ जाऊन पाहिलं, लांबून पाहिलं, उजेडाच्या अलीकडून, पलीकडून. कुठेही दिसत नव्हता. एकसारखा, गच्च, सुंदर निळा. थेंब खालच्या परातीत पडत होते.

पेल्याला चमचा लागला.

'मावशी, बस डेपोत उभी केलीये,' बसवालीने लिहिलं होतं. 'अर्ध्या तासाने परत सुटेल. झालं का काही?'

मुलगा दारात उभा होता. आजकाल तो कामावरून जाता जाता डोकावायचा. त्याने तिच्या खांद्यावरून वाचलं, मग दोरीकडे पाहिलं. "आई! गेला की! कुठे दिसतोय? सांग ना तिला."

तिचं बोट अक्षरांवर गेलं. एक शब्द पुरला असता. तिकडे डेपोत कुणीतरी चाकावर हात ठेवून तेवढ्या एका शब्दाची वाट बघत होतं, आणि इकडे समोर दोरीवर तो शब्द लोंबत होता, ओला, चकाकता, सगळ्यांना हो म्हणणारा. तिला तो द्यावासा वाटला. इतका वाटला की डोळे भरून आले. थेंब परातीत पडला. अजून एक पडला.

'अजून ओलं आहे,' तिने लिहिलं. 'वाळल्यावर सांगते. नाही जमलं तर तसंही सांगेन.'

मुलगा दारातून आत आला. त्याने खुर्ची ओढली, तिच्या शेजारी बसला, आणि दोघं त्या निळ्या तुकड्याकडे बघत राहिली. रस्त्यावर कुणी जोरात ब्रेक लावला. तुकडा वाऱ्याने जरासा वळला आणि पुन्हा सरळ झाला. उत्तर यायला वेळ लागला. बहुतेक आता येणार नाही असं तिच्या मनात येऊन गेलं, इतका वेळ.

मग टिंग झालं.

'थांबते,' असं तिथे होतं.